संहितेशी इमान

नाटकाइतकी नाशवंत कला दुसरी नाही. चित्र भिंतीवर राहते, कादंबरी कपाटात राहते, गाणे तबकडीवर राहते. नाटकाचा प्रयोग मात्र पडदा पडला की संपतो. नटाचा चेहरा तरी लोकांच्या आठवणीत काही वर्षे टिकतो. दिग्दर्शकाचे तेवढेही उरत नाही, कारण त्याचे सारे काम दुसऱ्यांच्या आवाजात आणि दुसऱ्यांच्या हालचालीत विरघळून गेलेले असते. अनुवादकाची तर गोष्टच बोलायला नको. त्याचे नाव जाहिरातीत सर्वांत बारीक टाइपात येते आणि वाचणाऱ्याची नजर तिथवर पोहोचण्याआधीच पान उलटले जाते. ज्या माणसाने ही दोन्ही कामे केली आणि ऐन कर्तृत्वाच्या वयात ज्याचा रंगमंच आणि देश दोन्ही सुटले, त्याच्यामागे काय उरले असेल?

हा प्रश्न अब्दुलहुसेन नूशीन या इराणी नाट्यदिग्दर्शकाच्या आयुष्याकडे पाहताना पडतो. मराठी वाचकाला हे नाव फारसे परिचित असण्याचे कारण नाही. आपण इराणविषयी वाचतो ते तेल, क्रांती आणि युद्ध यांच्या संदर्भात. पण आधुनिक इराणी रंगभूमीचा इतिहास कोणी कुठूनही वाचायला घेतला तरी काही पानांनंतर नूशीन यांच्यापाशी थांबावेच लागते. त्यांच्या आयुष्याचे वरवर पाहता दोन तुकडे पडतात. पहिल्या अर्ध्यात ते तेहरानमधले नट, दिग्दर्शक, अनुवादक आणि राजकीय कार्यकर्ते. दुसऱ्या अर्ध्यात ते मॉस्कोतल्या एका संस्थेत जुन्या हस्तलिखितांवर मान मोडून बसलेले संशोधक. पहिला तुकडा तेजस्वी आणि दुसरा उदास, असे सांगण्याची पद्धत आहे. मला मात्र हे दोन तुकडे एकाच कापडाचे वाटतात. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख.

नूशीन यांचा जन्म विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातला, खुरासान प्रांतातला. हा महाकवी फिरदौसीचा प्रांत. तरुणपणी ते शिक्षणासाठी फ्रान्सला गेले आणि तुलूझ शहरात त्यांनी नाट्यकलेचे रीतसर शिक्षण घेतले. परत आले तेव्हा इराणमध्ये रेझा शहाची राजवट होती. रस्ते होत होते, रेल्वे येत होती, पोशाख बदलत होते आणि प्रत्येक छापील ओळीवर पोलिसांची नजर होती. अशा काळात हा तरुण युरोपातून एक वेगळीच गोष्ट घेऊन आला होता : नाटक म्हणजे आधी लिहिलेले, मग पाठ केलेले आणि मग शब्दशः बोललेले साहित्य होय, ही कल्पना.

आज यात विशेष काय, असे वाटेल. पण तेव्हाच्या इराणमध्ये नाट्यपरंपरा नव्हती असे मुळीच नाही. करबलाच्या शोककथेवर आधारलेले ताजियाचे धार्मिक नाट्य होते, आणि लग्नकार्यात रंगणारे विनोदी खेळही होते. या खेळांना ‘तख्ते-हौजी’ म्हणत. हा शब्द मराठी माणसाला कोश न उघडता कळेल. घराच्या अंगणातल्या हौदावर फळ्या टाकायच्या, म्हणजे तख्ता मांडायचा, आणि त्यावर खेळ करायचा. या खेळात लिखित संहिता नसे. कथेचा सांगाडा ठरलेला, बाकी सारे नटाच्या हजरजबाबीपणावर. त्यात मजा होती, जिवंतपणा होता, राजेरजवाड्यांची टवाळी करण्याची सोयही होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोलिएरची नाटके फारसीत येऊ लागली, तीही बरीचशी याच वळणाने. ‘मिझान्थ्रोप’चे फारसी रूप १८६९ मध्ये इस्तंबूलमध्ये छापले गेले, त्यात मोलिएरची माणसे इराणी म्हणी बोलतात. आपल्याकडच्या जुन्या रूपांतरांशी परिचित असलेल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही.

१९३४ मध्ये फिरदौसीच्या जन्माला हजार वर्षे झाल्याचा उत्सव इराणने मोठ्या थाटाने साजरा केला. तूस येथे कवीच्या समाधीचे उद्घाटन झाले, देशोदेशींचे विद्वान आले. त्या निमित्ताने तेहरानमध्ये ‘शाहनाम्या’तील काही प्रसंग रंगमंचावर सादर झाले, ते नूशीन यांनी बसवले होते. झाल आणि रुदाबा, रुस्तुम आणि तहमीना या कथा इराणी माणसाला कथेकऱ्याच्या तोंडून ऐकायची सवय होती. त्या आता प्रकाशात, नेपथ्यात, ठरलेल्या शब्दांत समोर उभ्या राहिल्या. नूशीन यांच्या आयुष्यात फिरदौसी असा पहिल्यांदा आला. पुढे तो आणखी दोनदा येणार होता.

त्या काळच्या इराणी आधुनिकतेची एक खिडकी आपल्या मुंबईत उघडत होती, हे इथे सांगायला हवे. पहिला फारसी बोलपट ‘दुख्तर-ए-लोर’ १९३३ चा, आणि तो तयार झाला मुंबईत, ‘आलम आरा’ काढणाऱ्या अर्देशीर इराणी यांच्या इम्पीरियल कंपनीत. त्याचा नायक आणि लेखक अब्दुलहुसेन सेपन्ता याने पाठोपाठ ‘फिरदौसी’ नावाचा चित्रपटही मुंबईतच केला. नूशीन यांच्या मित्रमंडळातले कादंबरीकार सादिक हिदायत १९३६ मध्ये मुंबईला आले. इथल्या पारशी विद्वानांकडे ते पहलवी भाषा शिकले आणि ‘बूफ-ए-कूर’ म्हणजे ‘आंधळे घुबड’ ही कादंबरी त्यांनी इथेच हाताने लिहून तिच्या पन्नासेक प्रती चक्रमुद्रित करून घेतल्या. इराणमध्ये विक्रीसाठी नाही, असे त्यावर नमूद होते. फारसी भाषेतली विसाव्या शतकातली सर्वांत गाजलेली कादंबरी अशी मुंबईत, चोरपावलांनी जन्माला आली. ज्या देशात लेखकाला आपले पुस्तक परमुलखात काढावे लागते, तिथे रंगमंचावर उघडपणे उभे राहू पाहणाऱ्याचे काय होत असेल, याचा अंदाज यावरून करावा.

१९४१ मध्ये ब्रिटिश आणि सोव्हिएत फौजा इराणमध्ये शिरल्या, रेझा शहाला गादी सोडावी लागली आणि झाकण उडाल्यासारखे सारे एकदम उसळून वर आले. वर्तमानपत्रे निघाली, पक्ष निघाले. डाव्या विचारांचा तूदे पक्ष त्याच वर्षी स्थापन झाला. ‘तूदे’ म्हणजे जनसमूह. नूशीन हे या पक्षाच्या संस्थापकांपैकी एक. त्यांच्या रंगभूमीवरील कामाचा खरा बहरही याच काळातला. १९४४ च्या सुमारास ‘फरहंग’ नाट्यगृहात त्यांनी बेन जॉन्सनचे ‘वोल्पोनी’ आणि मार्सेल पान्योलचे ‘तोपाझ’ बसवले. दोन्ही नाटकांचा विषय पैसा. एकात श्रीमंताच्या मरणाची वाट पाहणारे लोभी वारस, दुसऱ्यात भ्रष्टाचाराची बाराखडी शिकत शिकत साहेब बनलेला गरीब मास्तर. युद्धकाळात धान्याच्या साठेबाजीवर गबर झालेल्यांचे तेहरान ही नाटके पाहताना स्वतःकडेच पाहत होते. मग १९४७ मध्ये ‘फिरदौसी’ नाट्यगृह उघडले. पहिले नाटक जे. बी. प्रीस्टलीचे ‘ॲन इन्स्पेक्टर कॉल्स’. फारसी नाव ‘मुस्तन्तिक’, म्हणजे चौकशी करणारा.

नाट्यगृहाला फिरदौसीचे नाव आणि उद्घाटनाला इंग्रजी नाटक, यात नूशीन यांचे सारे धोरण आले. परक्याचे घ्यायचे, पण ते आपल्या भाषेच्या घरात उतरवून घ्यायचे. त्यांनी शेक्सपियरचे ‘मच अडू अबाउट नथिंग’, गॉर्कीचे ‘लोअर डेप्थ्स’ आणि सार्त्रचे एक नाटक फारसीत आणले. माटरलिंकचे ‘ब्लू बर्ड’ रंगमंचावर आणले. स्वतः ‘खुरूस-ए-सहर’, म्हणजे ‘पहाटेचा कोंबडा’ हे नाटक लिहिले. पण त्यांचे खरे योगदान नाटकांच्या या यादीत मावत नाही. ते नाट्यगृहाच्या शिस्तीत होते.

त्यांच्या शिष्यांनी या शिस्तीविषयी सांगितलेल्या गोष्टी वाचताना गंमत वाटते. प्रयोग जाहीर केलेल्या वेळेलाच सुरू होणार. पडदा वर गेल्यावर दरवाजे बंद. उशिरा येणारा कोणी बडा असामी असला तरी बाहेर. प्रेक्षागृहात बिया फोडत बसायचे नाही. नटाला नक्कल चोख पाठ हवी, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रॉम्प्टर नको.

प्रॉम्प्टर काढून टाकणे ही साधी बाब वाटते. तशी ती नाही. पेटीत किंवा विंगेत बसून कोणीतरी शब्द पुरवत असेल तर नटाचे अर्धे लक्ष तिकडे राहते. समोरच्या पात्राचे वाक्य तो ऐकत नाही, आपले पुढचे वाक्य कुठून येईल याचा कानोसा घेत असतो. शिवाय ऐकू आलेला शब्द अवघड असला तर तो आपल्या सवयीचा सोपा शब्द घालून मोकळा होतो. लेखकाने महिनाभर डोके खाजवून लिहिलेले वाक्य, अनुवादकाने आठवडाभर उलटेपालटे करून बसवलेले वाक्य, रात्री नऊ वाजता नटाच्या तोंडून ‘साधारण तसेच’ बाहेर पडते. ‘साधारण तसेच’ हा सर्व कलांचा आणि माझ्या मते सर्व व्यवहारांचाही मोठा शत्रू आहे. मी आयुष्याची तीसेक वर्षे बँकेत काढली. तिथे ताळेबंद ‘साधारण’ जुळला असे कोणी म्हणत नाही. दहा पैशांचा फरक असला तरी दिवे लावून बसावे लागते. नूशीन यांनी रंगभूमीवर हा जमाखर्चाचा चोखपणा आणला. लिहिलेला शब्द आणि बोललेला शब्द यांत फरक निघता कामा नये.

फारसी भाषेच्या बाबतीत हे काम अधिकच कठीण होते. लिहिण्याची फारसी आणि बोलण्याची फारसी यांत मोठे अंतर आहे. क्रियापदांची रूपेदेखील बदलतात. ग्रंथातले फारसी रंगमंचावर बोलले तर पात्र प्रवचनकार वाटते. रस्त्यावरचे जसेच्या तसे बोलले तर शेक्सपियर बाजारात हरवतो. अनुवादकाला या दोहोंमधली वाट प्रत्येक वाक्यागणिक शोधावी लागते आणि ती वाट बरोबर आहे की नाही हे नटाच्या तोंडून ऐकल्याशिवाय कळत नाही. म्हणूनच अनुवादक आणि दिग्दर्शक एकाच देहात असण्याला अर्थ होता. तालमीत अडखळलेले वाक्य रात्री घरी जाऊन सुधारता येई. ‘तालीम’ हा शब्दही आपल्याकडे त्याच बाजूने आला आहे. त्याचा मूळ अर्थ शिकवणे. नूशीन यांच्या तालमी अक्षरशः शाळाच होत्या, कारण तेहरानच्या नव्या नटांची एक अख्खी पिढी तिथे बोलायला शिकली.

ही शाळा फार काळ चालली नाही. फेब्रुवारी १९४९ मध्ये तेहरान विद्यापीठात तरुण शहा मुहम्मद रेझा याच्यावर गोळीबार झाला. शहा बचावला आणि तूदे पक्षावर बंदी आली. पुढाऱ्यांची धरपकड झाली, त्यात नूशीन होते. खटला झाला, शिक्षा झाली. रंगमंचावर ‘चौकशी करणारा’ आणणारा माणूस आता खऱ्या चौकशीनंतर कस्रच्या तुरुंगात बसला.

इथून पुढची हकीकत कोणी नाटकात लिहिली असती तर अतिरंजित म्हणून आपण नाक मुरडले असते. नूशीन यांच्या पत्नी लोरेता या आर्मेनियन वंशाच्या नामवंत अभिनेत्री होत्या. पती तुरुंगात गेल्यावर त्यांनी हाय खाल्ली नाही. त्या आणि नूशीन यांचे शिष्य एकत्र आले आणि त्यांनी ‘सादी’ नाट्यगृह सुरू केले. ऑस्कर वाइल्डचे ‘लेडी विंडरमियर्स फॅन’ तिथे लागले. शिष्यांच्या आठवणींनुसार नाटकाच्या सूचना तुरुंगातून येत. भेटीच्या वेळी दिग्दर्शक पत्नीला सांगे, ती येऊन नटांना सांगे. दिग्दर्शक कधीच रंगमंचावर दिसत नाही, असे आपण म्हणतो. इथे तो नाट्यगृहातही नव्हता, आणि तरीही प्रयोग त्याचाच होता. पाठ चोख असलेल्या, प्रॉम्प्टरवर विसंबून न राहणाऱ्या नटांनाच हे शक्य झाले असणार. शिस्त माणसाला बांधते असे म्हणतात. इथे ती शिक्षकाच्या गैरहजेरीत विद्यार्थ्यांना मोकळे करत होती.

डिसेंबर १९५० मध्ये तूदे पक्षाचे दहा पुढारी कस्रच्या तुरुंगातून पळाले. तुरुंगातल्या पहाऱ्यावर आणि सैन्यात पक्षाचे छुपे अधिकारी होते. खोटा हुकूम, गणवेशातली माणसे, दाराशी ट्रक, आणि कैद्यांना दुसरीकडे हलवत आहोत असा देखावा. एकही गोळी न झाडता दहा माणसे बाहेर पडली. त्यांत नूशीन होते. काही काळ भूमिगत राहून ते सोव्हिएत संघात गेले. तेहरानचा रंगमंच त्यांना पुन्हा मिळाला नाही.

मागे राहिलेल्यांवर आणखी एक घाला यायचा होता. तेलाचे राष्ट्रीयीकरण करणारे पंतप्रधान मुसद्दिक यांचे सरकार अमेरिका आणि ब्रिटन यांच्या पाठबळाने १९ ऑगस्ट १९५३ रोजी उलथवले गेले. त्या दिवशी तेहरानच्या रस्त्यांवर जे जमाव फिरत होते त्यांनी ‘सादी’ नाट्यगृह पेटवून दिले. त्या आगीत नेपथ्य गेले, पोशाख गेले, जिथे उभे राहायचे ती जागाच गेली. सत्ता उलथवायला निघालेल्या माणसांना वाइल्डच्या विनोदी नाटकाचे नाट्यगृह जाळण्याची गरज का वाटावी? या प्रश्नाचे उत्तर ज्याला सापडेल त्याला हुकूमशाहीचे मानसशास्त्र कळले असे समजावे. बंदूक असलेल्या माणसाला, शब्द नीट उच्चारणाऱ्या माणसाची भीती वाटते.

पण सगळे माप शहाच्या पदरात टाकून मोकळे होणे हा अप्रामाणिकपणा होईल. नूशीन ज्या पक्षासाठी तुरुंगात गेले त्या पक्षाचे वर्तनही निर्मळ नव्हते. १९४४ मध्ये सोव्हिएत संघाने उत्तर इराणमधल्या तेलाची सवलत मागितली, तेव्हा परकीय तेल कंपन्यांविरुद्ध बोलणाऱ्या तूदे पक्षाने त्या मागणीची पाठराखण केली. अनेक विचारवंत त्या काळात पक्षापासून दुरावले. हिदायतही पुढे कडवट झाले आणि १९५१ मध्ये पॅरिसमध्ये त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. नूशीन पक्षात राहिले आणि ज्या देशात त्यांनी आसरा घेतला तिथेही लेखकाच्या प्रत्येक ओळीवर नजर होतीच. कलावंताने पक्षात जावे की नाही, हा वाद आपल्याकडे वर्षानुवर्षे चालला आहे. नूशीन यांचे आयुष्य त्या वादाला सोपे उत्तर देत नाही. पक्षाने त्यांना प्रेक्षक दिला, नट दिले, आपल्या कामाला अर्थ आहे असा विश्वास दिला, आणि त्याच पक्षापायी त्यांचा रंगमंच गेला. देणे-घेणे दोन्ही त्याच खात्यावर आहे. शिल्लक काय, हे ज्याचे त्याने मांडावे.

आता मॉस्को. तिथल्या प्राच्यविद्या संस्थेत १९५० च्या दशकात ‘शाहनाम्या’ची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याचे काम हाती घेतले गेले होते. इव्हगेनी बेर्तेल्स हे त्याचे प्रवर्तक. ते १९५७ मध्ये वारले आणि इतरांनी काम पुढे नेले. १९६० ते १९७१ या काळात नऊ खंड निघाले. त्यांपैकी अनेक खंडांवर संपादक म्हणून नूशीन यांचे नाव आहे. तारुण्यात रंगमंचावर आणलेला, मग नाट्यगृहाच्या पाटीवर लिहिलेला फिरदौसी आता टेबलावर, शाईच्या डागांसकट, पुढ्यात येऊन बसला होता.

हे काम काय असते ते थोडे समजून घेतले पाहिजे. फिरदौसीने ‘शाहनामा’ इसवी सन १०१० च्या सुमारास पुरा केला. सुमारे पन्नास हजार द्विपदींचे काव्य. त्याच्या हातची प्रत आज नाही. आहेत त्या शतकांनंतरच्या नकला. प्रत्येक नकलनविसाने आपल्या परीने सुधारणा केली. जुना, अवघड शब्द आला की सोपा घातला. लढाई कमी वाटली की दोन द्विपदी स्वतःच्या जोडल्या. ‘शाहनामा’ पहिल्यांदा संपूर्ण छापला गेला तो १८२९ मध्ये कलकत्त्यात, टर्नर मॅकन या इंग्रज अधिकाऱ्याच्या हातून; नंतर मुंबईच्या शिळाछाप कारखान्यांनी त्याच्या आवृत्त्या काढून इराणपर्यंत पोहोचवल्या. पण या सगळ्या आवृत्त्यांत शतकांची भर आणि शतकांची मोडतोड तशीच होती. मॉस्कोच्या मंडळींनी लंडनमध्ये असलेले १२७६ चे हस्तलिखित आणि इतर जुनी हस्तलिखिते समोर ठेवली आणि शब्दागणिक विचारले : यातला कवीचा शब्द कोणता आणि नकलनविसाचा कोणता? अशा वेळी संशोधक एक नियम पाळतात. दोन पाठ समोर असतील तर बहुधा अवघड पाठ जुना असतो, कारण माणूस अवघडाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड सहसा करत नाही.

हा नियम वाचला आणि मला तेहरानचे ते नाट्यगृह आठवले. अवघड शब्द टाळून सोपा बोलणारा नट आणि अवघड शब्द खोडून सोपा लिहिणारा नकलनवीस हे भाऊभाऊच. दोघांचाही हेतू वाईट नाही. दोघांनाही वाटते की आपण श्रोत्यावर उपकार करत आहोत. ज्या माणसाने प्रॉम्प्टर काढून टाकून पहिल्याला वठणीवर आणले, त्यानेच पंधरा-वीस वर्षांनी परमुलखात बसून दुसऱ्याचा पाठलाग केला. त्या आयुष्याचे दोन तुकडे एकाच कापडाचे आहेत असे मी म्हणालो, ते यासाठी. संहितेशी इमान हा त्या कापडाचा ताणा आहे. रंगमंच गेला, प्रेक्षक गेला, देश गेला. इमान ज्या गोष्टीशी होते ती मात्र कोणाला जप्त करता आली नाही.

या कामातून नूशीन यांचा एक कोश तयार झाला : ‘वाझे-नामक’. ‘शाहनाम्या’तल्या अवघड शब्दांचा हा कोश. ‘नामा’ म्हणजे लेख किंवा ग्रंथ, हे करारनामा, जाहीरनामा, पंचनामा म्हणणाऱ्या आपल्याला सांगायला नको. फारसी शब्दांशी आपले नाते किती खोलवरचे आहे हे बँकेत काम केलेल्या माणसाला विशेष कळते. जमा, खर्च, हिशेब, रक्कम, कर्ज, जामीन, हप्ता, वसुली, दफ्तर. हे सारे शब्द फारसीच्या वाटेने आले, यातले बरेच मुळात अरबी. हे काढून टाकले तर मराठी माणसाला उसनेदेखील मागता येणार नाही. शिवाजी महाराजांच्या काळात ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला तो या शब्दांना पर्याय देण्यासाठी, आणि १९२५ मध्ये माधव जूलियन यांनी ‘फार्शी-मराठी कोश’ केला तो या शब्दांची मुळे शोधण्यासाठी. राज्य चालवणाऱ्याला कोश लागतो, कवीला लागतो, आणि देशोधडीला लागलेल्या नाटकवाल्यालाही लागतो. पहिल्याला आपली ओळख ठसवायची असते, दुसऱ्याला ती समजून घ्यायची असते. तिसऱ्याजवळ भाषेखेरीज मायदेशाचे दुसरे काही उरलेलेच नसते.

नूशीन १९७१ मध्ये मॉस्कोत वारले. त्याच वर्षी ‘शाहनाम्या’चा नववा खंड निघाला. आणि नंतर घडली ती गोष्ट मला या साऱ्या हकिकतीत सर्वांत बोलकी वाटते. ‘वाझे-नामक’ तेहरानमध्ये प्रसिद्ध झाले ते ‘बुनियाद-ए-फरहंग-ए-ईरान’ या संस्थेकडून. ही शहाच्या राज्यातली संस्था. तिचे प्रमुख परवेझ नातिल खानलरी हे जुन्या साहित्यिक वर्तुळातले विद्वान. ज्या राजवटीत नूशीन यांना परतीची वाट नव्हती, त्याच राजवटीत त्यांचे शब्द सीमा ओलांडून घरी पोहोचले. माणसाला पारपत्र लागते. कोशाला लागत नाही.

अर्थात हा विजय आहे असे म्हणून टाळ्या वाजवाव्यात, असे मला वाटत नाही. नूशीन यांची तेहरानच्या रंगमंचाविना गेलेली वीस वर्षे कोणत्याही कोशाने भरून निघत नाहीत. त्या वीस वर्षांत जी नाटके त्यांच्या हातून तेहरानमध्ये झाली असती, ती झाली नाहीत आणि जे झालेच नाही त्याचा पंचनामा कोणी करत नाही. संशोधनाचेही आयुष्य मर्यादितच असते. १९७७ मध्ये फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयात ‘शाहनाम्या’चे १२१७ चे, म्हणजे आणखी जुने हस्तलिखित ओळखले गेले, जलाल खालिकी-मुतलक यांची नवी आवृत्ती १९८८ ते २००८ या काळात निघाली आणि मॉस्कोची आवृत्ती मागे पडली. ज्या लालेझार रस्त्यावर एकेकाळी तेहरानची नाट्यगृहे होती, तिथे पुढे विजेचे दिवे आणि तारा विकणाऱ्यांची दुकाने झाली.

मग उरले काय? शिष्य उरले. इज्जतुल्ला इन्तिजामी हे नूशीन यांच्या तालमीत वावरलेले नट. १९६९ मध्ये दारियूश मेहरजुई यांच्या ‘गाव’ या चित्रपटात त्यांनी आपली गाय मेल्यावर हळूहळू स्वतःच गाय होत जाणारा शेतकरी उभा केला आणि इराणी चित्रपटाकडे जगाचे लक्ष वळले. ते २०१८ पर्यंत जगले. नुसरत करीमी हे दुसरे शिष्य २०१९ पर्यंत. म्हणजे ‘सादी’ जाळणाऱ्या जमावानंतर पासष्टहून अधिक वर्षे त्या तालमींचा संस्कार इराणी पडद्यावर आणि रंगमंचावर वावरत होता.

आणि उरली एक कसोटी. ती फक्त इराणपुरती नाही. आपल्याकडेही परभाषेतली नाटके सतत येत असतात. त्यांचे अनुवाद होतात, रूपांतरे होतात, प्रयोग होतात. त्यांची चर्चा करताना आपण नटाविषयी बोलतो, नेपथ्याविषयी बोलतो, फार तर मूळ लेखकाविषयी. अनुवादाचे वाक्य मराठीत उभे राहिले का, ते नटाने जसे लिहिले तसे म्हटले का, हे विचारणे आपल्याला किरकोळ वाटते. संहिता छापून ठेवण्याची तर सवयच नाही. दहा प्रयोग झाले, नाटक बंद पडले, वही कोणाच्या तरी माळ्यावर गेली. इथे कोणी नाट्यगृह जाळायला येत नाही. त्याची गरजच पडत नाही. सत्तेने हिसकावले म्हणून जे जाते त्याची निदान नोंद होते. आपल्या ‘साधारण तसेच’मुळे जे जाते त्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

भाषा ही सरकारे, पक्ष आणि उत्सव यांच्या जोरावर टिकते असा आपला समज असतो. ती टिकते एखाद्या शब्दापाशी अडून बसणाऱ्या माणसांमुळे. अशी माणसे थोडी असतात, बहुधा त्रासदायक असतात, वेळेवर पडदा वर नेण्याचा आग्रह धरतात आणि उशिरा आलेल्या बड्या असामीला बाहेर ताटकळत ठेवतात. त्यांना रंगमंच मिळाला तर ते रंगमंचावर काम करतात, नाही मिळाला तर टेबलावर. समाजाने त्यांच्यासाठी करायचे ते इतकेच, की त्यांना टेबलाकडे ढकलण्याची वेळ आणू नये. आणि वेळ आलीच, तर त्यांच्या हातून तिथे जे तयार होईल त्यासाठी दार उघडे ठेवावे.